अर्धं इंजेक्शन

बकुळा परळच्या एका इस्पितळात नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. लालबागच्या त्यांच्या चाळीतून नर्स व्हायला गेलेली ती पहिलीच मुलगी. तिचे वडील जयवंत गिरणीत कापडाच्या साच्यावर काम करताना शेजारच्याला तिचे परीक्षेतले गुण ऐकवत. होस्टेलवर तिच्या खोलीत गिरगावची ललिता होती. दोघींची ड्यूटी एकाच वॉर्डात लागली आणि तिथंच ते सुरू झालं.

पेथिडीन हे दुखणं मारणारं औषध. किरकोळ अंगाच्या बाईला अर्धी कुपी पुरायची. उरलेली अर्धी दोघींनी बेसिनमध्ये ओतायची आणि रजिस्टरवर दोघींनी सही करायची, असा नियम होता. एका रविवारी ललिता म्हणाली, "बेसिनला कशाला पाजायचं गं? बेसिनचं काय दुखतंय?"

बकुळा हसली. तेवढ्यावरच ठरलं. ते औषध एका रिकाम्या बाटलीतून खोलीवर आलं आणि दुपारी कडी लावून दोघींनी अर्धं अर्धं टोचून घेतलं. थोड्या वेळानं बकुळाला आपली हाडं कुणी ऊन पाण्यात भिजत घातल्यासारखी वाटली. खालून ट्रामची घंटा वाजली, तर दोघी इतक्या हसल्या की तोंडात उशी धरावी लागली. संध्याकाळी टोप्यांना पिना लावून दोघी कामावर हजर. कुणाला काही कळलं नाही.

मग दर आठ-पंधरा दिवसांनी तेच. "आपल्याला काही सवय नाही लागलेली," ललिता म्हणायची. "कुणी सुट्टीला सिनेमाला जातं, आपण खोलीत बसतो."

त्यातच छप्पन सालचा जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून कळलं आणि शहर पेटलं. गोळीबार झाला. दोघींना पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात हलवलं. खाटा संपल्या, दोन खाटांच्या मध्ये गाद्या टाकल्या, मग व्हरांड्यातही. पहिले पाच दिवस बकुळा खरोखर राबली. पाय सुजले तरी तिनं तक्रार केली नाही. जयवंत एकदा फाटकापाशी येऊन भेटून गेला. "आमची पोर गोळी लागलेल्यांची सेवा करतेय," असं तो पहारेकऱ्यालासुद्धा सांगत होता.

या वॉर्डात मात्र काही उरत नव्हतं. जखमा मोठ्या होत्या, अख्खी कुपी लागायची. सहाव्या दिवशी सकाळी ट्रे भरताना ललिता हळूच म्हणाली, "आज दुपारी सुट्टी आहे दोघींना. काहीतरी बघ ना."

अकरा नंबरच्या खाटेवर बुधाजी होता. नायगावच्या बीडीडी चाळीतला, चाळिशीचा. गिरणीतली पाळी सुटल्यावर घरी जाताना मांडीत गोळी शिरली होती. जखम चिघळली होती, रोज सकाळी उघडून आतलं भरलेलं कापड बदलावं लागे. त्याआधी अर्धा तास दुखू नये म्हणून इंजेक्शन. बकुळानं त्याच्यासाठी कुपी फोडली, अर्धी सिरिंजमध्ये ओढली, आणि वर शुद्ध पाणी ओढून सिरिंज भरली. उरलेलं औषध बाटलीत गेलं, बाटली खिशात. हात जरासुद्धा थरथरला नाही, हे तिला नंतर कितीतरी वर्षं आठवत राहिलं.

डॉक्टरांनी चिमट्यानं कापड ओढलं तसा बुधाजी ओरडला. बकुळानं त्याचे खांदे दाबून धरले. तो पुन्हा ओरडला, त्यानं डॉक्टरांचा हात धरला.

"पूर्ण डोस दिलाय ना, सिस्टर?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो, डॉक्टर."

"मग काय नाटक लावलंय रे? मोर्च्यात मोठा शूर होतास. आता बायकांसारखा रडतोस?"

"मोर्च्यात नव्हतो साहेब, कामावरून येत होतो," बुधाजी म्हणाला. मग त्यानं पंच्याचा बोळा तोंडात कोंबला आणि पुढं आवाज केला नाही. डोळ्यांतलं पाणी कानात उतरत होतं. आजूबाजूचे पेशंट दुसरीकडे बघत होते.

सगळं आटोपल्यावर तो बकुळाला म्हणाला, "माफ करा, शिस्टर. तुम्ही तर इंजेक्शन दिलं. माझंच अंग नाठाळ."

"असू दे," बकुळा म्हणाली. एवढंच.

बाटली बेसिनमध्ये ओतायला तिला कुणी अडवलं नव्हतं. तिनं ओतली नाही. दुपारी खोलीत ललितानं हात पुढे केला आणि तिनंही केला. हाडं पुन्हा ऊन पाण्यात गेली, अंग हलकं झालं, सुजलेले पाय जणू दुसऱ्या कुणाचे झाले. बुधाजीचा चेहरा डोळ्यांसमोर होता आणि तरीही बरं वाटत होतं. ते उतरल्यावर बकुळा मोरीत जाऊन ओकली.

दुसऱ्या दिवशी तिनं बुधाजीला अख्खं इंजेक्शन दिलं. कापड काढताना तो नुसता कण्हला. "आज चांगला शहाण्यासारखा राहिलास," डॉक्टर म्हणाले. बुधाजी ओशाळून हसला. ते हसणं बकुळाला सोसलं नाही. हातातला ट्रे ठेवून ती सरळ सिस्टर पेणकरांच्या टेबलाशी गेली.

सिस्टर पेणकर वॉर्डच्या प्रमुख. आवाज कधी चढायचा नाही, म्हणून मुली त्यांना जास्तच घाबरत. बकुळानं उभ्यानंच सगळं सांगितलं. ललिताचं नाव तेवढं घेतलं नाही. पण सिस्टरांनी रजिस्टर उघडून दुसऱ्या सहीवर नुसतं बोट ठेवलं.

रजिस्टर मिटून त्या म्हणाल्या, "मला सांगितलंस. मॅट्रनला मी सांगते. पण दुखलं कुणाला?"

"बुधाजींना."

"मग त्यांना कुणी सांगायचं?"

"सिस्टर, नको. माझ्याच्यानं होणार नाही."

"काल करवलं ना? जा."

अकरा नंबरच्या खाटेपाशी बुधाजीची बायको मीराबाई डब्यातली पेज चमच्यानं भरवत होती. बकुळानं तिच्यासमोरच सांगितलं. आवाज इतका बारीक निघाला की बुधाजीनं "काय?" म्हणून दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा सांगताना शेजारच्या खाटांनाही ऐकू गेलं.

तो चिडेल, शिव्या देईल, असं तिला वाटलं होतं. त्यानं मीराबाईचा चमच्याचा हात बाजूला केला.

"ते डॉक्टर मला नाटकी म्हणाले," तो म्हणाला, "तेव्हा तुम्ही माझे खांदे धरले होते ना?"

"हो."

त्यानं मान भिंतीकडे फिरवली. मीराबाईनं डब्याला झाकण लावलं.

ललितानं मॅट्रनपुढे सगळं नाकारलं, पण बाह्यांखालच्या सुईच्या खुणांनी घात केला. तिचं नाव कायमचं काढलं. बकुळाला एका वर्षासाठी काढून टाकलं. परत यायचं तर पुन्हा तिसऱ्या वर्षापासून.

ट्रंक घेऊन ती लालबागला उतरली, तर चाळीतल्या बायका गॅलरीत गोळा झाल्या. आपल्या माणसांना कुठं कुठं लागलं होतं, कोण वाचलं, बकुळानं कुणाकुणाचं काय केलं, सगळं त्यांना ऐकायचं होतं. एकीनं तिच्या हातावर साखर ठेवली. बकुळानं मूठ मिटली आणि ती खोलीत शिरली.

"सुट्टी दिली काय गो बाय?" जयवंतनं विचारलं.

तिनं दार लोटून घेतलं आणि सांगितलं. जयवंत ऐकता ऐकता खाली बसला. बाहेर बायका अजून थांबल्या होत्या. "ह्येंका आता काय सांगू मी?" एवढंच तो म्हणाला. त्यानंतर गिरणीत त्यानं तिचं नाव काढलं नाही, आणि कुणी विचारलं तर तिची तब्येत बरी नाही म्हणू लागला. आयुष्यात खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. प्रत्येक वेळी तो अडखळायचा, आणि आत बसून बकुळा ते ऐकायची.

वर्षभरानं ती परत गेली. आपल्याहून लहान मुलींच्या मागच्या बाकावर बसली आणि पास झाली. निकालाच्या आठवड्यात ती नायगावला गेली, विचारत विचारत बुधाजीची खोली शोधली. दारात मीराबाई सुपात तांदूळ निवडत होती. तिनं लगेच ओळखलं.

"कसे आहेत?" बकुळानं विचारलं.

"लंगडतात. कामावर जातात." मीराबाईचे हात थांबले नाहीत. "घरात या म्हणणार नाही मी तुम्हाला."

"नाही, नको. मी नुसतं…"

"डॉक्टर ओरडले ते अजून झोपेत बोलतात. गोळीचं नाही बोलत."

मग मीराबाईनं सूप उचललं आणि ती आत गेली. दार तिनं लावलं नाही, पण ती परत बाहेरही आली नाही. शेजारच्या खोलीतल्या बाईनं कुणाला भेटायचंय म्हणून विचारलं. "भेट झाली," बकुळा म्हणाली आणि जिना उतरू लागली.