मे महिन्याचं रीडिंग

सरकारी माणसाला काही शिकवायचं तर आधी चहा पाजावा लागतो. पुण्याहून आलेल्या इंद्रजीतला हे ठाऊक नव्हतं, म्हणून पहिल्या दिवशी सोलापूरचा अर्धा हॉल डुलक्या काढत होता. आम्ही जिल्ह्यातले पाण्याचे शास्त्रज्ञ, बारा जण. वर्षातून चार वेळा ठरलेल्या विहिरींत टेप सोडायची, पाणी किती खोल गेलंय ते मोजायचं आणि रजिस्टरात लिहायचं, हे आमचं काम. आता कृत्रिम बुद्धिमत्ता शिकून घ्या, असं वरून पत्र आलं होतं. माझी नोकरी एकवीस वर्षांची. हे कालचं पोरगं मला पाणी शिकवणार, म्हणून मी पहिल्यापासून तोंड वाकडं करूनच बसले होते.

तिसऱ्या दिवशी त्याने आमच्याच जुन्या नोंदी यंत्राला दिल्या. पडदाभर निळे ठिपके उमटले आणि त्यात एक लाल.

"मॅडम, ही विहीर तुमची ना?" तो खुशीत म्हणाला. "सहा वर्षांपूर्वीचा मे. आसपासच्या सगळ्या विहिरी तळाला गेल्या आणि हिच्यातच तेवढं पाणी कसं? यंत्राला हे रीडिंग खोटं वाटतंय."

सगळे हसले. मीही हसले.

ती विहीर अक्कलकोटच्या पुढची, महादेवप्पांच्या शेतातली. त्या मेमध्ये मी गेलेच नव्हते. गाडी होती, ड्रायव्हर होता. ऊन फार होतं, म्हणून गेले नाही. सोयीसाठी एक जुनी टेप त्यांच्या घरी ठेवलेली होती. फोन करून म्हटलं, तेवढं मोजून ठेवा, मी तासाभराने विचारते. ते जेवत होते. जेवून जातो म्हणाले असते तरी चाललं असतं, पण ताटावरून उठले. तासाभराने फोन कुणी उचलला नाही. संध्याकाळी कळलं, महादेवप्पा विहिरीत पडून गेले. मी मातीला गेले, सगळ्यांसारखी रडले आणि परत येऊन रजिस्टरातली रिकामी जागा भरली. आदल्या वर्षीचं रीडिंग, त्यात जरा फेरफार. अकरा मीटर वीस. मोजणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव.

"यंत्राचा अंदाज चौदा मीटर आहे," इंद्रजीत म्हणाला. "बटण दाबा, नोंद दुरुस्त होईल."

दाबलं असतं तर माझी लबाडी कायमची पुसली गेली असती. महादेवप्पांचा तो दिवसही पुसला गेला असता. डोकं दुखतंय असं सांगून मी बाहेर आले, ऑफिसच्या कपाटातून जुनं रजिस्टर काढलं आणि अक्कलकोटच्या एसटीत बसले.

त्यांच्यामागे त्यांच्या बायकोने, निंगव्वाने, विहिरीचा बुटका कठडा छातीइतका उंच करून घेतला होता. त्यानंतरही मी दर तिमाहीला जात होते. मी मोजत असताना ती कठड्याला टेकून उभी राहायची आणि एकटक माझ्याकडे बघायची. मला वाटायचं, ही जाब मागतेय. मी आकडा लिहून, चहाला नाही म्हणून, चटकन गाडीत बसायचे.

आजही ती तशीच येऊन उभी राहिली. मी टेप काढलीच नाही.

"अव्वा, त्या दिवशी फोन मी केला होता."

"ठाव हाय की."

"मी स्वतः आले असते तर ते..."

ती विहिरीत बघत राहिली.

"तुमी आकडा कदी इचारलाच न्हाय," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. ती दावणीपाशी होती. टेप पाण्याला लागली तसा त्यांनी ओरडून आकडा सांगितला. ध्यानात ठेव, मॅडमचा फोन येणार हाय, म्हणाले. नंतर वर ओढताना टेप कपारीत अडकली आणि ती सोडवायला ते वाकले.

"हदिमूरू, ऐवत्तु," ती कानडीत म्हणाली, त्यांनी म्हटलं होतं तसंच. तेरा, पन्नास.

तिला लिहिता येत नव्हतं. रोज सकाळी विभूती लावताना ती तो आकडा मनात म्हणायची, विसरू नये म्हणून. मी येईन आणि विचारेन, म्हणून सहा वर्षं वाट बघत उभी राहायची. आणि मी मान खाली घालून पळत होते. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कठड्यावर रजिस्टर ठेवून मी अकरा वीस खोडलं, शेजारी तेरा पन्नास लिहिलं. मोजणाऱ्याच्या रकान्यातलं माझं नाव खोडून महादेवप्पांचं लिहिलं आणि खाली सही केली. साहेब खुलासा मागतील, तो देईन.

"लिवलं?" तिने विचारलं.

"लिहिलं, अव्वा."

तिने पदराने तोंड पुसलं आणि बराच वेळ त्या पानाकडे बघितलं.

"मग आता मी इसरले तर चालंल का?"