वासाचा रकाना

कळंबच्या रस्त्यावर एक लहानशी वाडी होती. २००३ साली सरकारी पाणी-प्रयोगशाळेने तिथली विहीर तपासायला आर्याला पाठवलं. ती नुकतीच बीएस्सी झाली होती. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच कागदावर उतरवायचं, हा तिचा नेम.

विहिरीपासून शंभर पावलांवर शहराचा कचरा पडत होता. वाडीतली तीन मुलं काविळीने आजारी होती. आदल्या दिवशी आर्याने तपासणीच्या बाटलीत भरून ठेवलेलं पाणी सकाळी काळं ठिक्कर पडलं होतं, म्हणजे त्यात मैल्याचे जंतू होते. विहीर बंद करून टँकर मागवायचा, तर पाणी समितीच्या ठरावावर निदान चार बायकांच्या सह्या हव्या होत्या. बैठकीला तिघीच आल्या.

"चौथी कोण?" आर्याने विचारलं.

"लुईझा," ग्रामसेवक बर्नार्ड म्हणाला. "पण ती येणार कशी? दोन वर्षं झाली तिला जाऊन." तो ओशाळला. "समितीत निम्म्या बायका हव्यात म्हणून वरून कागद आला. मग नाव राहू दिलं."

"जिवंत होती तेव्हा एकदा बोलवलं नाय," त्या तिघींतली जुलियाना फणकारली. तिची नातही काविळीने झोपून होती. "मेल्यावर बरी मेंबर झाली!"

बाकीच्या दोघी हसल्या.

आर्याने नोंदवही उघडली. रंग आणि चव या रकान्यांत दर महिन्याला बर्नार्डच्या अक्षरात 'ठीक'. वासाच्या रकान्यात मात्र वेगळंच, तिरकं अक्षर: 'पानी कुजलंय.' गेले सलग नऊ महिने. पहिली नोंद कचऱ्याची गाडी पहिल्यांदा आली त्याच महिन्यातली.

बर्नार्डचा चेहरा उतरला. "हा रकाना मी कोराच सोडतो, मॅडम. वासाचं बायकांना ठाऊक."

"लुईझाचंच अक्षर गो हे," जुलियाना हळूच म्हणाली. "हंडा भरायच्या आधी ओंजळीत पानी घेऊन हुंगायची. मग हंड्यावर तीन टिचक्या. आम्ही चिडवायचो तिला."

बाहेर विहिरीवर टण, टण, टण असा आवाज झाला.

आर्या धावत गेली. काठावर कोणी नव्हतं. दोर कोरडा होता. दगडावर मात्र ओंजळभर पाणी सांडलेलं होतं.

ती परत आली तेव्हा तिघींच्या सह्या झाल्या होत्या. चौथ्या ओळीवर तेच तिरकं अक्षर होतं: लुईझा.

"कोणी केली?"

तिघींनी नकारार्थी माना हलवल्या. पेन जुलियानाच्या मुठीत घट्ट होतं.

"खोडा मॅडम, नोकरी जाईल," बर्नार्ड कुजबुजला.

आर्याने त्या सहीवर बोट टेकवलं. बोटाला शाई लागली. तिने खाली लिहिलं: 'चार सह्या. चौथीची शाई ओली असताना मी पाहिली. विहीर आजपासून बंद.' कोणी केली, ते तिने पाहिलं नव्हतं. म्हणून ते लिहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी टँकर आला. जुलियानाने आधी ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं, मग हंडा लावला. तो भरल्यावर ती मागे सरली आणि नळापुढे एका बाईपुरती जागा सोडून उभी राहिली.

मागच्या रांगेतली एकही बाई पुढे झाली नाही.