तळघर पाहायला या

सिनेमातला पाद्री वेदीखालची फरशी सरकवतो, खाली तळघर निघतं आणि त्यात पोरी कोंडलेल्या असतात. गोंदियाच्या टॉकीजमध्ये हा सिनेमा तीन आठवडे हाउसफुल्ल चालला, मग मोबाइलवर आला, आणि एका सोमवारी माझा शिवणवर्ग रिकामा पडला. अकरा पोरी होत्या, एकही आली नाही. चर्चच्या एकुलत्या एक हॉलमध्ये नऊ मशिनी आणि मी, एवढेच उरलो.

मी सुशीलाबाई. रविवारी त्या हॉलमध्ये प्रार्थना होते आणि इतर दिवशी मी शिवण शिकवते, अठरा वर्षांपासून. माझी बोलणी न खाता शिकली अशी एकच पोर, रुची. तिच्या हातात कात्री आपोआप चालते. तिची शिवणाची परीक्षा महिन्यावर आली होती आणि तिच्या बापाने, किराणावाल्या मुन्नालाल सेठने, तिला घरी बसवलं होतं. ती आली असती तर बाकीच्या तिच्यामागे आल्या असत्या. मला ती परत हवी होती.

चर्चच्या कमिटीची मीटिंग बसली. एकजण म्हणाला, पत्रक छापू, 'सिनेमातल्या सतरा चुका'. दुसरा म्हणाला, कलेक्टरला निवेदन देऊ. पास्टर योगराज भला माणूस, पण त्याला कुठल्याही प्रश्नाचं एकच उत्तर येतं. तो म्हणाला, उपास-प्रार्थना करू.

"करा ना जी," मी म्हटलं. "पण लोकायले तळघर पाहाचं आहे. ते दाखवू."

"बाई, आपल्याकडं तळघर नाही."

"म्हनूनच तर दाखवाचं."

दुसऱ्या दिवशी मी फाटकावर बोर्ड लावला: 'तळघर पाहायला या. रविवारी दुपारी चार वाजता. चहा मिळेल.'

रविवारी अर्धं गाव आलं. नाताळालाही एवढे येत नाहीत. सगळ्यांत पुढे केशोराव मिस्त्री. चहाच्या टपरीवर आमच्या चर्चखालच्या तळघराची गोष्ट यानेच सगळ्यांत जास्त रंगवली होती, खालून रस्ता थेट सौंदड स्टेशनापर्यंत जातो इथवर. त्याच्या बाजूला फरशी उखडायची लोखंडी सब्बल घेऊन मुन्नालाल सेठ, आणि सेठच्या मागे रुची. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला सेठचा असा राग आला म्हणता.

पास्टरने कपाटं उघडून दाखवली, सतरंजी गुंडाळली, चौघांनी मिळून वेदी बाजूला सरकवली. सेठ खाली बसला आणि सब्बलीच्या टोकाने एकेक फरशी ठोकू लागला. टक, टक, टक. वेदीच्या जागी मात्र आवाज आला, ढब्ब.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाच वाटलं, खाली काहीतरी आहे.

"अंदर से पोला है," सेठ म्हणाला. "खोलना पडेगा."

पास्टरचा चेहरा पडला. तेवढ्यात मला दिसलं, केशोराव हळूहळू दाराकडे सरकत होता. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

"मिस्त्री, कुठं चालले? चार वर्षांमागं ही फरशी तुमीच बसवली ना जी?"

सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. आता तळघर आहे म्हणावं, तर ते यानेच झाकलं. नाही म्हणावं, तर आवाजाचं कारण सांगावं लागणार.

"ढब्ब काऊन वाजून राहिली, सांगा सेठले."

"तळघर नाही जी," तो पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा."

"सिमेंटचा मसाला कमी भरला होता. कोपऱ्याले लावला, मधात पोकळ सोडला. वेदीखाली कोनाचा पाय पडते, म्हनून."

सेठने तरी सब्बल घातलीच. फरशी निघाली. खाली माती, आणि चार कोपऱ्यांना सिमेंटचे चार गोळे. मग जो हशा पिकला, तो बराच वेळ थांबेना. सेठ तेवढा हसला नाही. त्याच्या घरची फरशीही केशोरावानेच बसवली होती.

मी त्याच्यासमोर उभी राहिले. "सेठ, तळघर पाहून झालं. आता माही पोरगी मले द्या. परीक्षेले सव्वीस दिवस राह्यले."

सेठ काही बोलायच्या आत रुची पुढे आली. सगळ्यांसमोर, शांतपणे म्हणाली, "बाबूजी, मैं दो साल से इसी फरशी पर बैठ रही हूँ. एक बार मुझसे पूछ लेते."

सेठच्या हातातली सब्बल खाली आली. पोरीच्या नजरेला नजर देणं त्याला जमलं नाही. तो म्हणाला, "गलती हो गई, बेटा. जा, बैठ."

रुचीने मशिनीवरचं कापड काढलं आणि बसली. पायडल सुरू झालं. गर्दीतून दुसरी पोर आली, मग तिसरी. चहा फिरेपर्यंत नऊच्या नऊ मशिनी धडधडत होत्या, दोघी जागेसाठी भांडत होत्या, आणि अर्ध्या गावाला एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं.