सत्तर किलो जास्तीचं भंगार

फ्रुंझे शहरातल्या बादल्यांच्या सरकारी कारखान्यात आसिलकानच्या पत्रा दाबायच्या प्रेसने तिची दोन बोटं केव्हाच गिळली होती. उरलेली तरी वाचावीत म्हणून नऊ वर्षं अर्ज केल्यावर नवा प्रेस आला. हात आत गेला की आपोआप थांबणारा, अजून खोक्यातच होता.

आणि वर्ष संपायला दोन दिवस असताना कळलं, कारखान्याने वर्षाला जमा करायच्या, वरून ठरवून दिलेल्या भंगारात चार टन कमी पडतायत. कुंपण गेलं, दवाखान्यातला पलंग गेला, तरी भागेना. मग संचालक तुर्दाकुनची नजर खोक्यावर गेली. वजन बरोब्बर चार टन.

आसिलकान धावत आली. "अरे तुर्दाकुन, भंगारच हवंय ना? माझं जुनं धूड ने की."

ती वयाने मोठी, म्हणून तो तिला अदबीने एजे, म्हणजे ताई, म्हणायचा. "ते कसं नेऊ, एजे? त्याच्या नावावर पुढच्या वर्षाच्या दोन लाख बादल्या आहेत. नव्याच्या नावावर एकही नाही. कागदावर तो रिकामटेकडाच."

"आणि माझी बोटं?"

"बोटांचा रकाना नाही हो," तो ओशाळून म्हणाला.

तिला रडूही आलं आणि रागही. ती खोक्यावर चढली आणि फतकल मारून बसली. ट्रकवाल्याला घाई होती, त्याने खोकं तिच्यासकट चढवलं.

वजनकाट्यावरच्या कारकुनाने मान वर न करता लिहिलं, चार टन सत्तर किलो. शिक्का मारला. तुर्दाकुनची कळी खुलली. योजनेपेक्षा जास्त!

"त्यातले सत्तर किलो मी आहे," आसिलकान वरून म्हणाली.

कारकून वैतागला. "शिक्का बसला, बाई. आता खोडता येत नाही. बदली सत्तर किलो आणा."

आवारात खिळासुद्धा उरला नव्हता. नवा प्रेस भट्टीत गेला. आसिलकानने पावतीची नक्कल मागून घेतली आणि घरी गेली.

दोन जानेवारीला भोंगा वाजला तरी ती प्रेसवर नाही. तुर्दाकुन तिच्या दारात. तिने चहा दिला, नान दिला, आणि पावती पुढे सरकवली.

"मला वितळवलंय. वितळलेल्या माणसाला कामाला लावलंस तर तुझं भंगार कमी भरेल, बघ बाबा."

त्याने पावती उलटसुलट पाहिली. शिक्का खरा होता.

त्या प्रेसवर बसायला दुसरं कुणीच तयार होईना, आणि दोन लाख बादल्या तर द्यायच्याच होत्या. शेवटी तुर्दाकुनने स्वतःच बाह्या सरसावल्या, पत्रा उचलला आणि प्रेससमोर उभा राहिला. दुपार झाली तरी त्याचा हात काही आत जाईना.