पाहुण्याच्या ताटावरून मजुरी

चोपन्न-पंचावन्न साल असेल. चाकणला दौलतरावांची तेलाची गिरणी होती. गवराबाई तिथं शेंगा फोडायची, तिचा नवरा सावळाराम पोती उचलायचा. गिरणीकामगारांना कमीत कमी मजुरी किती असावी, हे ठरवायला सरकारची समिती येणार होती. तिच्याबरोबर एक परदेशी साहेबही होता. मजुराच्या कमाईत पोटभर अन्न मिळतं का, हे तो देशोदेशी मजुरांच्याच घरी जेवून बघायचा. इथं त्यानं गवराबाईचं घर निवडलं.

"रोज जे खाता तेच करा," असं समितीतले उद्धवराव आदल्या दिवशी बजावून गेले.

त्यांची पाठ वळताच गवराबाई नवऱ्याला म्हणाली, "दर्यापारचा मानूस दारात येतोय, आन् त्याला ठेचा-भाकर वाढू? गाव तोंडात शेण घालंल."

शेजारच्या ठकुबाईनं तूप दिलं. रतनबाईनं डाळ-गूळ दिला. कुणी ताट, कुणी पाट. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया, भजी, असा बेत झाला.

साहेबाला मांडी घालता येईना. पाटावर एका अंगावर कलंडून तो पोळ्यांमागून पोळ्या खात राहिला. मग तृप्त होऊन इंग्रजीत काहीतरी बोलला. उद्धवरावांचा चेहरा पडला.

"काय म्हनत्यात?" सावळारामनं विचारलं.

"म्हणतात, आमच्याकडच्या मजुराला सणालासुद्धा असं जेवण नसतं. इथली मजुरी वाढवायची काही गरज दिसत नाही."

दारात उभे असलेले दौलतराव एवढे खूश झाले, की त्यांनी आपल्या हातानं साहेबाला विडा करून दिला.

"सांग आता," सावळाराम बायकोला कुजबुजला.

"आवं, तुमीच सांगा."

"पोळ्या कुनी केल्या?"

"आन् सकाळधरनं चाखल्या कुनी?"

ठकुबाई खिडकीतून सगळं ऐकत होती. तीही त्याच गिरणीत कामाला. मजुरी वाढणार नाही म्हटल्यावर ती पदर खोचून तडक आत आली. "सायेब, ह्ये तूप माझं हाय!"

"डाळ-गूळ माझा," मागून रतनबाई म्हणाली.

"पाट आमचा!" बाहेरून तिसरीच कुणी ओरडली. उद्धवरावांनी ते इंग्रजीत सांगताच साहेब दचकून पाटावरून उठला.

"मग यांचं स्वतःचं काय आहे, असं विचारताहेत," उद्धवराव म्हणाले.

गवराबाईनं मान खाली घातली. "पानी आमचं."

लाजेनं ती चुलीपाशी जाऊन बसली. शेवटी सावळारामनंच शिंक्यावरची शिळी भाकर आणि ठेचा साहेबापुढं ठेवला. साहेबानं घास घेतला. त्याचे कान लाल झाले, डोळ्यांतून धारा लागल्या. तांब्याभर पाणी पिऊन त्यानं तेच ताट दौलतरावांपुढं सरकवलं.

"मला वैद्यांनी तिखट मना केलंय," दौलतराव घाईघाईनं म्हणाले.

पुढं मजुरी वाढली, फार नाही, पण वाढली. दौलतराव गवराबाईवर धुमसत राहिले, तिला कामावरून काढायचं मात्र त्यांना जमलं नाही. कारण ते गिरणीत शिरले, की ठकुबाई सगळ्यांदेखत मोठ्यानं विचारायची, "मालक, आमच्याकडं जेवायला कवा येताय?"