पाणीदादांच्या तोंडी कोणाचे शब्द?

सुज्ञ वाचकहो, एका तळ्याची, एका बोलक्या यंत्राची आणि त्या दोहोंमध्ये वाढलेल्या संशयाची हकिकत येथे यथामती निवेदन करण्याचे योजिले आहे. मनुष्याच्या नावे उच्चारला गेलेला शब्द खरोखर त्याचाच असतो काय, हा प्रश्न थोरामोठ्यांनाही सुटलेला नाही. तो मी सोडवीन अशी अपेक्षा कोणी धरू नये. जे घडले ते क्रमाने सांगतो.

चष्म्याच्या दुकानामागे एक लांबट खोली होती. एका भिंतीला काचा घासण्याचे चाक, दुसऱ्या भिंतीला शेगडी, आणि मध्ये चार न जुळणाऱ्या खुर्च्या. सुटीच्या सकाळी तेथे वादमंडळ भरत असे. दुकानाचे मालक, ज्यांना सारे भिंगराव म्हणत, ते मंडळाचे यजमान. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई सभापती. आणि मंडळाचे भूषण म्हणजे पाणीदादा. पूर्वी ज्या तळ्याचे पाणी शहर पीत असे आणि आता जे केवळ राखले गेले होते, त्या तळ्याचे ते राखणदार.

यंत्राला दुःख होते काय, वारुळाला मन असते काय, विश्वाला कड आहे काय, असल्या विषयांवर तेथे कडाक्याचे वाद होत. मंडळाचे दोन दंडक होते. पहिला असा की, चष्म्याच्या रिकाम्या डबीतून चिठ्ठी उचलायची आणि जी बाजू निघेल तीच, मनाला पटो वा न पटो, प्राणपणाने मांडायची. दुसरा असा की, जो ‘माहीत नाही’ म्हणेल त्याने सर्वांसाठी चहा करायचा. भिंगरावांचा चहा पाकासारखा गोड होत असल्यामुळे त्यांच्यावर ही पाळी येऊ नये अशी सर्वांची प्रार्थना असे. पाणीदादांवर तर ती कधीच आली नाही. कोणतीही चिठ्ठी येवो, त्यांचे भाषण ऐकणाऱ्याला वाटे, हेच या माणसाचे मत. मास्तरीणबाई कौतुकाने सारे ध्वनिमुद्रित करून ठेवीत.

अशा वक्त्याची वाचा अर्धांगाच्या झटक्याने गेली. बुद्धी शाबूत, कान शाबूत. हलत होते ते केवळ उजव्या हाताचे एक बोट. तेव्हा त्यांच्या जावयाने, जो संगणकाच्या कामात निष्णात होता, त्यांच्यासाठी एक यंत्र सिद्ध केले. समोरच्याचे बोलणे ऐकून यंत्र पडद्यावर तीन वाक्ये दाखवी. दादा त्यांपैकी एकावर बोट टेकवीत, आणि यंत्र ते वाक्य त्यांच्याच पूर्वीच्या आवाजात बोले. प्रथम ते ऐकले तेव्हा दादांची लेक पदर तोंडाला लावून आत गेली होती.

याच सुमारास तळ्याचा प्रश्न उपस्थित झाला. डास खाण्यासाठी कोणे एके काळी सोडलेला एक परका मासा त्यात माजला होता आणि बेडकांची अंडी गट्ट करीत होता. बागांच्या कचेरीने ठरविले की, पाण्यात औषध टाकून सारे मासे मारावेत आणि बेडूक वाचवावेत. मात्र तिथल्या साहेबांनी सौजन्याने सांगितले, “राखणदारांचा शब्द अखेरचा. ते नाही म्हणाले तर औषध परत जाईल.” औषधाची पिंपे तळ्याकाठी येऊनही पडली होती.

मंडळ आता दादांच्या घरी भरू लागले होते. भिंगरावांनी खुर्ची सरकवली आणि म्हटले, “दादा, त्या मुक्या जिवांना सोडून द्यावं असं मला वाटतं. तुमचं काय?”

बोट टेकले. यंत्र खणखणीत बोलले, “निसर्गात दया ही चैन आहे. एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला मारावंच लागतं. हात थरथरत असेल त्यानं बाजूला व्हावं!”

भिंगरावांच्या मनात संशयाची पाल चुकचुकली. हा तोच मनुष्य ना, जो जाळीत अडकलेला मासा बादलीत घालून परत पाण्यात सोडीत असे आणि वर त्याची क्षमा मागत असे?

जिना उतरताना ते मास्तरीणबाईंना म्हणाले, “बाई, पाणी कुठंतरी मुरतंय.”

“कुठं?”

“जावयात! तळ्यातले बेडूक आवाजावरून मोजायचं यंत्र कुणी बनवलं? यानंच. बेडूक संपत आले असं कचेरीला कुणी सांगितलं? यानंच. मोजणाराही तोच आणि सासऱ्याच्या तोंडानं बोलणाराही तोच.”

“अहो, साप साप म्हणून भुई धोपटू नका. माणसाचं मत बदलतं.”

“मत बदलतं हो. माणूस बदलतो का?”

त्या दिवसापासून भिंगराव डोळ्यांत तेल घालून पाहू लागले. जावई यंत्राजवळ गेला की ते मान लांब करीत. त्याने तार काढली तर का काढली, हसला तर का हसला, आणि गप्प बसला तर मग ठरलेच. दादांची लेक एकदा म्हणाली, “काका, तुम्ही हल्ली बाबांना भेटायला येता की ह्यांच्यावर पहारा द्यायला?”

“पोरी, चष्मेवाला आहे मी. बघणं हाच माझा धंदा.”

“मग जरा स्वतःची काच पुसा,” असे म्हणून ती निघून गेली.

शेवटी, औषध टाकण्याच्या आदल्या दिवशी, कचेरीचे साहेब अखेरचा शब्द घेण्यास दुपारीच येऊन बसले. त्यांनी आदबीने विचारले, “दादा, मासे मारणंच योग्य, असं आम्ही धरून चालतो. तुमची संमती आहे ना?”

बोट टेकले. यंत्र गरजले, “एकाही माशाला हात लावू नका! तो इथं आपण होऊन आला नाही. आपली चूक त्याच्या जिवावर पुसायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?”

साहेबांच्या हातातली पिशवी खाली पडली. भिंगराव उभेच राहिले. त्यांना हवे होते तेच उत्तर आले होते. परंतु आनंद होण्याऐवजी त्यांच्या अंगावर काटा आला. लबाडी करणारा एका बाजूची लबाडी करतो. दोन्ही बाजूंची लबाडी करणारा कोण?

“जावईबापू,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “या पेटीत कोण बसलंय? खरं सांगा.”

जावई पांढराफटक पडला होता. “काका, शपथेवर सांगतो, मी त्यात माझा एक शब्द घातलेला नाही. सगळं बाबांचंच आहे. मास्तरीणबाईंकडची त्यांची भाषणं होती ना? ती सगळी यंत्राला ऐकवली. त्यावरूनच ते शिकलं.”

“भाषणं?” मास्तरीणबाई दचकल्या. “आपल्या मंडळातली?”

“हो. तुम्हीच तर दिलीत. मला वाटलं, इतकं मनापासून बोललेले आहेत, याहून चांगलं काय मिळणार?”

भिंगराव मटकन खाली बसले. दया ही चैन आहे! हे वाक्य त्यांनी ऐकले होते. औषधांसाठी उंदरांवर प्रयोग करावेत काय, या वादात चिठ्ठीने दादांना होकाराची बाजू दिली होती, आणि चिठ्ठ्या घडी घालून डबीत टाकल्या होत्या खुद्द भिंगरावांनी. त्याच दिवशी परतताना वाटेत दादा म्हणाले होते की, बोलून तोंड कडू झाले.

“अरे बाबा,” ते जावयाला म्हणाले. आज प्रथमच त्यांच्या तोंडचे ‘जावईबापू’ गळून पडले. “आमच्यात जी चिठ्ठी निघेल ती बाजू मांडायची असते. मनातली नव्हे.”

“म्हणजे तुम्ही लोक इतकी वर्षं खोटं बोलत होतात?”

“खोटं नाही रे, वाद घालत होतो!”

“आणि समोरचा जे म्हणेल,” मास्तरीणबाई हळूहळू म्हणाल्या, “त्याच्या विरुद्ध बोलायचं. यंत्र तेच शिकलंय. भिंगराव सोडा म्हणाले, ते मारा म्हणालं. साहेब मारा म्हणाले, ते सोडा म्हणालं.”

“पण निवड तर बाबाच करतात ना?” लेकीने विचारले. “बोट त्यांचंच टेकतं.”

“तीन वाक्यांतून,” जावई म्हणाला. “तिन्ही एकाच बाजूची असली तर निवडायचं काय? अक्षरांची पाटी होती त्यात. एकेक अक्षर लावताना त्यांना घाम फुटायचा. मला बघवेना. म्हणून मीच ती लपवली.”

पलंगावर दादांचे डोळे भरून आले होते. आणि भिंगरावांच्या ध्यानी आले की, आपण इतके दिवस जावयाच्या हातांकडे पाहिले, मित्राच्या डोळ्यांकडे एकदाही पाहिले नाही. चष्मेवाल्याला यापरती शरमेची गोष्ट ती कोणती?

“पाटी बाहेर काढ,” ते म्हणाले. “आणि त्या यंत्राला म्हणावं, गप्प बस.”

वाक्ये नाहीशी झाली. पडद्यावर नुसती अक्षरे उरली. या खेपेस कोणी आपले मत सांगितले नाही. मास्तरीणबाईंनी एवढेच विचारले, “दादा, तळ्याचं काय करायचं?”

बोट उचलले गेले, थरथरले, टेकले. एक अक्षर उमटले. पुन्हा उचलले गेले. साहेबांनी एकदा घड्याळाकडे पाहिले, पण लेकीची नजर पाहून हात मागे घेतला. खिडकीतले ऊन पलंगाच्या पायापर्यंत सरकले तेव्हा पडद्यावर तीन शब्द पूर्ण झाले होते.

‘माहीत नाही. थांबा.’

ज्या मनुष्याने हे शब्द मंडळात कधीही उच्चारले नाहीत, त्याचे यंत्र ते कोठून शिकणार होते? लेक हसत होती की रडत होती ते सांगता येत नव्हते. साहेब घसा खाकरून म्हणाले, “म्हणजे हे नाही म्हणून धरायचं की हो म्हणून?”

“थांबा म्हणून धरायचं,” भिंगराव म्हणाले. “पिंपं परत न्या. आधी माणसांना बेडूक मोजू द्या, मासे जाळीनं निघतात का ते बघू द्या. मारून टाकणं कधीही जमतं.”

साहेबांनी मान हलविली आणि पिशवी उचलली. राखणदारांचा शब्द अखेरचा, असे तेच बोलून चुकले होते.

तथापि संशयी मनुष्याची खोड सहजी जात नाही. साहेब गेल्यावर भिंगराव पलंगाशी वाकले आणि पुटपुटले, “दादा, हे तूच बोललास ना रे?”

बोट पुन्हा हलू लागले. उत्तरास बराच वेळ लागेल हे जाणून भिंगराव शेगडीकडे वळले. दंडक म्हणजे दंडक. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला चहा करणे शक्य नव्हते, तर त्याच्या वतीने कोणीतरी करायलाच हवा होता. त्यांनी आधण ठेवले, डबा उघडला आणि चमचा बुडविला.

“काका!” जावई पडद्याकडे पाहत ओरडला. “बाबांनी काय लिहिलंय बघा!”

भिंगराव चमच्यासह धावले. पडद्यावर अक्षरे होती :

‘साखर कमी.’

भिंगरावांचा संशय त्या क्षणी फिटला. चमच्यातील अर्धी साखर त्यांनी मुकाट्याने डब्यात परत ओतली.

वाचकहो, तळे अद्याप आहे आणि प्रश्नही अद्याप आहे. आपण आपला वेळ खर्चून येथवर सोबत केलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. काही उणे राहिले असल्यास उदार मनाने पदरात घ्यावे.

आपला नम्र,
जुळारी आण्णा
(छापखान्यात अक्षरे जुळविणारा)