खिशाला सांग

मित्रांनो, मी एक जुने कानाचे मशीन आहे. नाव कानाचे असले तरी माझा मुक्काम खिशात. काडेपेटीहून थोडा मोठा डबा, त्याला बारीक जाळी, एक बटण, पोटात सेल आणि वर कानापर्यंत गेलेली वायर, एवढाच माझा संसार.

माझे मालक म्हणजे घरातले आजोबा. ते पत्र्याच्या पेट्या बनवत. चाळीस वर्षे हातोडीची ठणठण ऐकून त्यांचे कान कामातून गेले. दुकानात मला पहिल्यांदा सदऱ्याच्या खिशात ठेवून बटण फिरवले, तेव्हा ते दचकून म्हणाले, "अरेच्चा, पंखा एवढा ओरडतो होय!"

तेव्हापासून मला माणसांची गंमत वाटू लागली. पाहुणे आजोबांच्या कानाशी जाऊन बोंब ठोकत. घरच्यांना मात्र ठाऊक होते की ऐकणारी जाळी माझ्याकडे आहे. ते खिशाशी वाकून हळूच बोलत. "खिशाला सांग," असा त्या घरात नियमच झाला होता. सूनबाई खिशाला विचारायच्या, भाजी कोणती करू? मुलगा खिशाला सांगून कामावर जायचा. नात बारकी तर खिशात नाकच खुपसायची आणि आईची गाऱ्हाणी सांगायची. माणसे एवढी जवळ येतात ती माझ्यासाठी की आजोबांसाठी, हे मला कधी उमगले नाही. माझ्यासाठीच, असे समजून मी आपली फुशारून जात असे.

मग नवे मशीन आले. शेंगदाण्याएवढे, आणि थेट मोबाइलशी जोडलेले. फोन सरळ कानात यायचा. लिहिलेला निरोप आला तर आतली कुणी बाई तो वाचून दाखवायची. सूनबाई आता स्वयंपाकघरातून फोन करू लागल्या, बारकी शेजारच्या खोलीतून निरोप धाडू लागली. आजोबांना सगळे स्वच्छ ऐकू येत होते, पण खिशाकडे कुणी फिरकेना. माझी रवानगी टेबलाच्या खणात झाली. सेल काढायला मात्र सगळे विसरले, म्हणून खणाच्या फटीतून मला थोडेफार ऐकू यायचे.

बारकीला दूरच्या शाळेत, वसतिगृहात पाठवायचे ठरले होते. आजोबांनीच बनवलेल्या पेटीत तिचे कपडे भरून झाले होते. त्या दुपारी आजोबा स्वतःशीच मोठ्याने बोलू लागले.

"'आजोबा, मला जायचं नाही.' बाईनं वाचलं आणि झाली मोकळी! स्टेशनवर गाडीची वेळ सांगावी तसं. पण पोरगी हे रागानं म्हणतेय, लाडानं, की रडत?"

त्यांनी खण ओढला, मला काढले, बटण फिरवले. आणि नेमकी तेव्हाच माझ्या सेलने मान टाकली! मला इतकी लाज वाटली की काय सांगू. आजोबांनी मला दोनदा तळहातावर आपटले आणि काय ते समजले. तरीही त्यांनी कानातले नवे मशीन काढून डबीत ठेवले, मला खिशात घातले आणि माझी वायर कानात खोचली.

यापुढचे मी ऐकलेले नाही. त्यांची छाती दणाणली, म्हणजे हाक मारली असणार. थोड्या वेळाने माझ्या जाळीला गरम श्वास लागला. तो बराच वेळ लागत राहिला. मग टपकन पाण्याचा थेंब पडला. बारकीने काय सांगितले ते मला कळले नाही, आणि आजोबांनाही नाही. ते नुसते तिच्या तोंडाकडे बघत होते.

संध्याकाळी माझ्यात नवा सेल पडला. आजोबा मुलाला सांगत होते, "शब्द मला बाईनं आधीच सांगितले होते रे. पोरीचा चेहरा कोण सांगणार? वर्षभर ती पेटी माळ्यावर टाक. पुढचं पुढे बघू."

कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच मुलगा खिशाशी वाकला.

"बरं, बाबा," तो म्हणाला.

मित्रांनो, नव्या मशीनवर माझा राग नाही. ते माझ्याहून हुशार आहे. माझे मागणे साधे आहे. जुनी वस्तू ठेवून देताना तिचा सेल काढा, नाहीतर ती आतून गंजते. आणि अधूनमधून कुणाच्या तरी खिशाशी वाका. मशीन बंद असले तरी चालेल.